आधी खात्री, मग बटण

हसा, हसा, तुमचं काय जातंय! तुम्ही घरी जाता, बेल वाजवता, आतून "कोण?" येतं, तुम्ही "मी" म्हणता, दार उघडतं, चपला काढता, संपलं! माझं तसं नाही हो. माझ्या घरी नुसतं "मी" म्हणून भागत नाही. आणि हे सगळं कशामुळे, तर एका कोबीमुळे! ...नाही, कोबीमुळे कसं, बटणामुळे. म्हणजे बटण मी दाबलं हे खरं, पण नियमाने दाबलं... थांबा, असं उलटसुलट सांगितलं तर तुम्हीही मलाच दोष द्याल, सगळे देतात तसा. पहिल्यापासून सांगतो.

मी वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतभर पडदा, पडद्यावर दिवे, हिरवे, पिवळे, लाल, आणि मी त्यांच्याकडे बघत बसायचं. पूर्वी काय सुखाची नोकरी होती हो! वीज एका बाजूने यायची, दुसऱ्या बाजूला जायची, मध्ये आम्ही चहा प्यायचो. कुठे दिवे गेले तर लोक फोन करून शिव्या द्यायचे, आम्ही "काम चालू आहे" म्हणायचो, ते फोन आपटायचे, आम्ही पुन्हा चहा. मग एक दिवस सगळं स्मार्ट झालं. मीटर स्मार्ट, तारा स्मार्ट, बॅटऱ्या स्मार्ट. आम्ही तेवढे होतो तसेच.

म्हणजे आता कसं, की प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर ऊन पकडायच्या काचा, तळमजल्यावर एक भलीमोठी बॅटरी. दुपारी ऊन साठवायचं. संध्याकाळी सगळे एकदम घरी येतात, दिवे लावतात, गाड्या चार्जिंगला लावतात, गरम पाणी, टीव्ही, ओव्हन, सगळं एका दमात, जणू उद्या वीज मिळणारच नाही! तेव्हा आम्ही काय करतो, या इमारतीच्या बॅटरीतून थोडी, त्या इमारतीच्या बॅटरीतून थोडी, अशी वीज उसनी घेतो आणि गावभर फिरवतो. त्यामुळे कोळसा कमी जळतो, धूर कमी होतो. याला म्हणतात शाश्वत वीज. केस गेले, कंबर गेली, गुडघे जायच्या वाटेवर आहेत, आणि मी रोज संध्याकाळी जाऊन बसतो शाश्वत वीज सांभाळायला!

इथवर ठीक होतं. पण वीज शहाणी झाली म्हटल्यावर चोरही शहाणे झाले. पूर्वीचा वीजचोर बिचारा खांबावर चढायचा, तारेवर आकडा टाकायचा, हातपाय खरचटायचे, काही कष्ट होते त्यात! आताचा चोर म्हणे कुठेतरी गादीवर लोळतो, मांडीवर कॉम्प्युटर, आणि तिथून अख्ख्या गावाचे दिवे घालवतो. म्हणून कंपनीने आणले एक सुरक्षावाले साहेब. आम्ही त्यांना कुलूपसाहेब म्हणतो, कारण ते आल्यापासून ज्याला त्याला कुलूप. आमचे मोबाइल दाराबाहेर लॉकरमध्ये, कुलूप. खिडकी, कुलूप. साखरेच्या डब्याला कुलूप लावलं ते मात्र दुसऱ्या कुणीतरी, पण नाव त्यांच्यावर गेलं.

आणि नियम! पडद्यावर इमारतींची नावं नाहीत, नुसते आकडे. का? तर कोण कुठे राहतं हे आम्हालाही कळता कामा नये. बाहेरून येणारा प्रत्येक फोन टेबलावरच्या त्या काळ्या फोनवर, तोही स्पीकरवर, तोही रेकॉर्ड होणार. त्या फोनवरून बाहेर फोन लावायची सोय नाही, ती काढून टाकली. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे एखाद्या इमारतीची वीज तोडायला एक माणूस पुरे, पण परत जोडायला दोन माणसांची परवानगी पाहिजे. तोडायला एक, जोडायला दोन! घरोघरी तेच चालतं म्हणा, पण आमच्याकडे ते लेखी आहे.

साहेबांनी आमचा वर्ग घेतला. चष्मा नाकावर ओढून, हळू, एकेक शब्द तोलून... "मित्रांनो... आता चोर... तुमच्या... ओळखीच्या माणसाचा... आवाज काढतो. यंत्राने. हुबेहूब. आवाज जितका ओळखीचा... तितका संशय जास्त! चोर तीन गोष्टी करतो. एक, घाई करतो. दोन, घाबरवतो. तीन, अगदी घरच्यासारखं बोलतो." मी हात वर केला, म्हटलं, "साहेब, घाई, घाबरवणं आणि घरच्यासारखं बोलणं, हे तर माझ्या घरी सकाळपासून चालू असतं!" सगळे हसले, साहेब हसले नाहीत. साहेब म्हणाले, "मग अशा वेळी... एक प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर... फक्त त्या माणसालाच माहीत असेल. उत्तर चुकलं, फोन ठेवायचा. लक्षात ठेवा... आधी खात्री, मग बटण!" आणि आम्ही सगळ्यांनी शाळेतल्यासारखं एका सुरात म्हटलं, "आधी खात्री, मग बटण!"

तो दिवस. आमची लेक आमच्याकडेच होती, दिवस भरलेले, जावई कामाला बाहेरगावी. मी निघालो तर बायको दारात, "अहो, आज फोन जवळ ठेवा." म्हटलं, "अगं, मोबाइल लॉकरमध्ये असतो, कितीदा सांगू?" "मग त्या काळ्या फोनवर करीन." "तो कामाचा आहे!" "बाळंतपण काय हौसेचं असतं? नंबर मोबाइलमध्ये घातलाय मी, फ्रिजवरही लावलाय!" मागून माझी आई, "अरे, जातोस तर नीट जा, वाद घालत जाऊ नकोस." माझ्या आईचं एक आहे, ती लिफ्टमध्ये बसत नाही. "त्या डबीत मी बसत नाही," म्हणते. चार मजले चढते, चार मजले उतरते, आणि रोज संध्याकाळी खाली एक फेरी मारतेच. आम्हाला वाटायचं, पाय मोकळे करायला. वाटायचं!

कामावर गेलो, डबा उघडला. कोबी! तुम्हाला सांगतो, मला कोबी आवडत नाही. आवडत नाही म्हणजे काय, शिजायला लागला की वासानेच माझी भूक मरते. पण लग्न झालं त्या आठवड्यात हिने पहिल्यांदा केला कोबी, समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, नवी नवरी, तुम्ही काय म्हणाला असतात? मी म्हटलं, "वा! छान झालाय!" संपलं! त्या एका "छान"वर मी आजतागायत कोबी खातोय. वाढदिवसाला कोबी, पाहुणे आले कोबी, मी आजारी पडलो, तोंडाला चव नाही, "थांबा, तुमच्या आवडीचं करते," कोबी! डब्यातला मात्र मी आमच्या जांभईला देतो. जांभई म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा. नोकरीला लागला त्या दिवशी त्याने जी जांभई दिली ती अजून पूर्ण झालेली नाही, म्हणून जांभई. तो माझ्या डब्यावर जगतो. डबा चाटूनपुसून घरी जातो, आणि बायको शेजारणीला सांगते, "यांना कोबी इतका प्रिय, कण शिल्लक ठेवत नाहीत!"

तर संध्याकाळ. उन्हं उतरली, सगळं गाव घरी आलं, पडद्यावर पिवळे दिवे चढायला लागले. माझ्या मागे मॅडम उभ्या. मॅडम म्हणजे आमच्या नव्या साहेब, वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण हुशार, आणि उभ्या कायम माझ्याच मागे. आणि तेवढ्यात पडद्यावरचा 'सतरा ग' लाल! वाजायला लागलं, टीं टीं टीं टीं! बघतो तर सतरा ग इमारतीची बॅटरी बंद. चालू. बंद. चालू. बंद. चालू. कुणीतरी भूत लागल्यासारखं करतंय! मॅडम म्हणाल्या, "हा हल्ला आहे! कुणीतरी बाहेरून बॅटरी हलवून बघतंय!" कुलूपसाहेबांचं नवीन पहारा ठेवणारं यंत्र त्याच आठवड्यात बसलं होतं, त्यातही मोठ्या अक्षरांत आलं, इमारत ताबडतोब तोडा.

आता खरं सांगू? मला आनंद झाला. हो! नुसतं दिवे बघत आयुष्य गेलं, कधी काही घडलं नाही, आणि आज माझ्या हातात अख्खं गाव वाचवायचं काम! मी मान ताठ केली, मॅडमकडे बघितलं, आणि दाबलं. सतरा ग पडद्यावर काळं. टीं टीं थांबलं. मॅडम म्हणाल्या, "शाबास." बिल्ला कुठे लावायचा याचा मी विचार करत होतो, एवढ्यात काळा फोन वाजला.

"अहो, मी बोलतेय! ऐका, दिवे गेलेत, आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय, मी आणि ही, हिला कळा सुरू झाल्यात, खाली गाडी येऊन उभी आहे, इथे मिट्ट काळोख आहे, तुम्ही तिथे बसलात ना, दाबा ना ते बटण!"

मी गार. गार म्हणजे भीतीने नाही हो, कौतुकाने! काय आवाज काढला होता! हुबेहूब माझी बायको! "मिट्ट काळोख" हे शब्दसुद्धा तिचेच! वीज तोडून पुरती पाच मिनिटं झाली नाहीत तोवर फोन, आणि म्हणे दाबा बटण! मी मनात मोजलं. घाई? आहे. घाबरवणं? कळा सुरू झाल्यात म्हणे. घरच्यासारखं? विचारूच नका. मी घसा साफ केला आणि शिकवलं होतं तसं म्हटलं, "आपण कोण बोलताय?"

"कोण म्हणजे? अहो, काय चाललंय तुमचं!"

"कुठल्याही इमारतीबद्दलची माहिती फोनवर दिली जात नाही."

"माहिती नकोय मला, लिफ्ट पाहिजे!" मागून लेकीचा आवाज, "बाबा...!" तुम्हाला सांगतो, तेव्हा काळजात हललं. एक क्षण वाटलं, दाबावं. पण साहेब म्हणाले होते, यंत्र एकटादुकटा आवाज काढत नाही, अख्खं कुटुंब काढतं! आणि मागे मॅडम, अंगठा वर करून, डोळे चमकताहेत. मी म्हटलं, नाही. आधी खात्री, मग बटण!

आता प्रश्न काय विचारायचा? लग्नाची तारीख विचारावी तर ती मलाच खात्रीने सांगता येत नाही. लेकीचं नाव सगळ्या गावाला माहीत. मी म्हटलं, "ठीक आहे. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. माझी आवडती भाजी कोणती?"

"अहो, पोरीला कळा येताहेत आणि तुम्हाला जेवण सुचतंय?"

"उत्तर द्या!"

"कोबी! कोबी, कोबी, कोबी! झालं? दाबा आता!"

आणि मी... अजून अंगावर काटा येतो... मी टेबलावर हात मारला आणि ओरडलो, "चूक! सापडलास चोरा! कोबी? अरे, कोबी दिसला तरी मला डबा फेकून द्यावासा वाटतो! बायको समोर बसते म्हणून एकेक घास गिळतो मी, पाण्याबरोबर, औषध घेतल्यासारखा! माझ्या खऱ्या बायकोचा आवाज काढतोस आणि एवढी साधी माहिती काढता आली नाही तुला?"

आणि पलीकडून अगदी हळू, इतकं हळू की मॅडमनी पुढे वाकून ऐकलं... "अहो... खरंच?"

मी फोन ठेवला! मॅडमनी टाळ्या वाजवल्या हो! "काय ओळखलंत! काय सापळा लावलात!" मी खुर्चीत असा रेलून बसलो. आणि बाजूला बघतो, तर जांभई. माझा डबा मांडीवर, बोटाला कोबी, तोंड उघडं, पण आयुष्यात पहिल्यांदा जांभईसाठी नाही. डब्याकडे बघतोय, फोनकडे बघतोय, डब्याकडे बघतोय. म्हणाला, "दादा... हा डबा आज कुणी भरला?"

तोंडचं पाणी पळालं माझं! म्हणजे बघा ना, चोर असता तर काय म्हणाला असता? बटाटा म्हणाला असता! जगात कुणालाही अंदाजाने विचारा, बटाटाच म्हणेल! मला कोबी आवडतो असं समजणारं या अख्ख्या पृथ्वीवर एकच माणूस आहे, कारण मी खोटं बोललो ते फक्त तिच्याशी! मी ओरडलो, "मॅडम, ती माझी बायको होती! सतरा ग म्हणजे आमचीच इमारत!" मॅडम म्हणाल्या, "पण उत्तर चुकलं ना?" "म्हणूनच! मॅडम, इतकं चुकीचं उत्तर माझी बायकोच देऊ शकते!" मॅडमचा चेहरा असा झाला की आता नेमकं काय करायचं असतं. वर्गात हे शिकवलंच नव्हतं.

आणि ते "अहो... खरंच?" माझ्या कानातून जाईना. यंत्र घाई करील, घाबरवील, घरच्यासारखं बोलेल... पण यंत्राला वाईट कशाला वाटेल हो? माझी पोर तिकडे अंधारात, काळा फोन बाहेर लागत नाही, मोबाइल लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी चहाला गेलेला! मी हलतोय, बसतोय, उठतोय, पुन्हा बसतोय. मॅडम म्हणाल्या, "जोडायचं तर एक परवानगी माझी, पण दुसरी सुरक्षावाल्या साहेबांची लागेल." मी म्हटलं, "लावा साहेबांना!" आतल्या आत बोलायची वेगळी लाइन होती, ती लावली. म्हटलं, "साहेब, मी बोलतोय, सतरा ग जोडायला ताबडतोब परवानगी द्या, माझी लेक लिफ्टमध्ये अडकलीय, वेळ नाहीये, जीव टांगणीला लागलाय!"

तिकडून शांतपणे, "आवाज... ओळखीचा वाटतोय."

"अहो साहेब, मीच आहे!"

"घाई करताय. घाबरवताय. आणि... लेकीचं नाव पुढे करताय." मला भिंत फोडून तिकडे जावंसं वाटलं! म्हणाले, "एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. वर्गात मी पहिलं वाक्य... कुठलं म्हटलं होतं?" आता वर्गात पहिलं वाक्य ऐकतं का हो कुणी? तेव्हा तर आपण खुर्ची शोधत असतो! मी म्हटलं, "मित्रांनो." "त्याच्या आधी." "त्याच्या आधी तुम्ही खोकलात!" "चूक," म्हणाले, आणि ठेवला फोन. ठेवला! मी ठेवला होता ना तसाच, त्याच ऐटीत!

मी आता मॅडमच्या पाया पडायच्या बेतात, इतक्यात जांभई ओरडला, "दादा, बघा!" पडद्यावर सतरा ग. काळ्याचं हिरवं होतंय! आम्ही जोडलंच नाही, तारेतून वीज जातच नाही, आणि इमारत आपली आपण जिवंत! मॅडम किंचाळल्या, "हल्लेखोर आत शिरलाय!" मी म्हटलं, "शिरू दे! देव भलं करो त्याचं!" आणि पळालो. किल्ली, लॉकर, मोबाइल, रस्ता, जी पहिली गाडी थांबली तिच्यात बसलो, सरळ दवाखाना.

पोचलो तेव्हा नात झालेली होती. लेक सुखरूप, बाळ सुखरूप. बाळाचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला, तो ओळखायला खात्रीबित्री काही लागत नव्हती हो, मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. आणि बाकावर बसली होती माझी आई, पदर खोचून, जग जिंकल्यासारखी.

तर ऐका, हल्लेखोर कोण होता. आमची आई! रोज संध्याकाळी खाली फेरी मारायची म्हटलं ना, ती बॅटरी बंद करायला! खोलीची किल्ली तिच्याचकडे, कारण इमारतीतल्या सगळ्यांनी ठरवलं होतं, किल्ली आजींकडे ठेवा, आजी चोराच्या हाती लागू देणार नाहीत. आजी कंपनीच्याही हाती लागू देत नव्हत्या! "आमच्या गच्चीवरचं ऊन, आणि संध्याकाळी हे कोण नेणारे?" म्हणून रोज बटण बंद, सकाळी बटण चालू. इतके दिवस कुणाला पत्ता नाही, नवा पहारा बसला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "पण आई, आज बंद-चालू, बंद-चालू का केलंस?" तर म्हणते, "अरे, बंद केलं आणि वाटलं, बंद केलं की चालू? म्हणून परत बघितलं. मग वाटलं, आता कुठलं केलं? खात्री करून घेतलेली बरी." आधी खात्री, मग बटण! आमच्या घराण्यातच आहे ते!

मग मी वीज तोडली, बॅटरी तिने बंद केलेली, इमारत अंधारात. लिफ्टमधल्या दोघींची ओरड आई ऐकते, तिला वाटतं आपल्यामुळेच झालं, धावत परत खोलीत, आणि दाबलं चालू. बॅटरी तुडुंब भरलेली! आम्ही नेली असती तर त्या वेळेपर्यंत तळ गाठला असता. अर्ध्या मिनिटात लिफ्ट खाली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि कुलूपसाहेब चौकशीला घरी. आईने दार उघडलं, चहा दिला, आणि साहेबांनी वही काढायच्या आत म्हणाली, "मीच. रोज करते." साहेबांनी चष्मा नाकावर ओढला. मॅडमनी फार गोड समजावलं हो, "आजी, असं सगळ्यांनी अडवून ठेवलं तर गावाने काय करायचं? थोडंथोडं सगळ्यांनी द्यायचं, म्हणजे धूर कमी होतो. हे सगळं पुढच्या पिढीसाठीच आहे ना?" आईने खिडकीतून दवाखान्याच्या दिशेला बोट दाखवलं. "पुढची पिढी काल लिफ्टमध्ये अडकली होती," म्हणाली. मॅडमनी चहा संपवला. आता नवा नियम आहे, लिफ्टपुरती वीज प्रत्येक बॅटरीत कायम शिल्लक ठेवायची, बाकीची गावाला. आईने मान्य केलं, पण रोज खाली जाऊन बघते, ठेवलीय का.

आणि माझं काय झालं? मला प्रशस्तिपत्र मिळालं! होय! 'ओळखीच्या आवाजाला बळी न पडल्याबद्दल.' तो रेकॉर्ड झालेला फोन आता प्रत्येक वर्गात ऐकवतात. नवी पोरं भेटली की विचारतात, "कोबीकाका तुम्हीच ना?"

पण दवाखान्यातलं सांगायचं राहिलं. बायको माझ्याशी बोलत नव्हती. बाळ मांडीवर घेऊन बसली होती, मी शेजारी बसलो, म्हटलं, "चुकलं माझं. अंधारात होतीस, मी ओळखलं नाही." ती म्हणाली, "त्याचं जाऊ दे, ते तुम्ही नियमाने केलंत." मी म्हटलं, "मग?" तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही हो, राग परवडला असता. म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या समोर बसून 'छान झालाय' म्हणत होतं... तो आवाज कुणाचा होता?"

लाज वाटली मला. तुम्हाला सांगतो, कुलूपसाहेबांच्या सगळ्या वर्गांत मिळून एवढा अवघड प्रश्न कुणी विचारला नाही.

आता नात महिन्याची झाली, बायको बोलते, हसते, सगळं ठीक आहे, घरात कोबी शिजत नाही. पण मी कामावरून येतो, बेल वाजवतो. आतून, "कोण?" मी म्हणतो, "मी." "मी कोण?" "अगं, मी!" "आवाज ओळखीचा वाटतोय, म्हणूनच शंका येतेय." आत आई हसतेय, लेक हसतेय, मी जिन्यात, हातात पिशवी, शेजारी दारं उघडून बघताहेत. "प्रश्नाचं उत्तर द्या. आवडती भाजी कोणती?"

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. म्हटलं, "बटाटा!" तुम्हाला सांगतो, पाऊण तास बाहेर उभा होतो. आता शहाणा झालोय. बेल वाजवतो, आजूबाजूला बघतो, आणि हळूच म्हणतो, "कोबी."

उघडतं हो दार.